चौकोनी बाटल्या

"ही नको," आई म्हणाल्या आणि बाटली बाजूला ठेवली. बघितलीसुद्धा नाही.

बघणार तरी कशा? सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नऊच दिवस झाले होते. काळा चष्मा लावून त्या पडवीत पाटावर बसल्या होत्या आणि मी गोणीतली एकेक बाटली त्यांच्या हातात देत होते. सगळ्या बिअरच्या, तपकिरी, कुठून कुठून जमवलेल्या. आई आधी बाटलीच्या तोंडावरून अंगठा फिरवायच्या, कपची उडालेली असली तर हाताला लागते म्हणून. मग उलटी करून बुडाच्या खळग्यात बोट घालायच्या. शेवटी नखाने टिचकी मारून बाटली कानाशी धरायच्या.

"हिला काय झालं?" मी विचारलं.

"आवाज फुटका आहे. चीर असणार कुठेतरी."

मी बाटली उन्हात धरून फिरवून बघितली. "मला तर काही दिसत नाही."

"तुला नाही दिसणार. जिंजरला दिसते."

जिंजर म्हणजे आमच्या घरची आल्याची बिअर. आलं, साखर, लिंबू आणि चिमूटभर यीस्ट, पाच दिवस बरणीत, मग बाटलीत. वसईत बाकीचे नाताळला जांभळाची किंवा द्राक्षाची वाईन करतात, आमच्या सासरी मात्र बाळाच्या बाप्तिस्म्याला जिंजर लागते. बाप्तिस्म्याच्या दहा दिवस आधी ज्यांना बोलवायचं त्यांच्या घरी एकेक बाटली जाते. तीच पत्रिका. बाटलीच्या गळ्याला रिबीन आणि बाळाच्या नावाची चिठ्ठी. चाळीस वर्षं ही जिंजर सासूबाई करत होत्या आणि कोन्सू मावशीची बाटली आली म्हणजे घरात पोर आलं, असं गावात लोक म्हणायचे.

आता पोर माझं होतं. नेथन, दहा आठवड्यांचा. पडवीतल्या झोळीत झोपला होता आणि मी दर दोन बाटल्यांमागे उठून त्याच्या नाकाखाली बोट धरून येत होते.

"जिवंत आहे," आई म्हणाल्या. "मघाशीच बघितलंस तू."

मी पुन्हा बाटल्यांपाशी येऊन बसले.

बारा बाटल्या हव्या होत्या. गोणी संपली तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला आठ होत्या आणि डाव्या हाताला नापास झालेल्यांचा ढीग.

"सोडेवाल्याकडून आण चार," त्या म्हणाल्या. "गोळीच्या. त्या दगडासारख्या असतात."

"आई, माझ्याकडे आहेत चार. नव्या."

माझ्या कॉलेजच्या मैत्रिणींनी बाळंतपणानंतर भेटीदाखल चार बाटल्यांचा संच दिला होता. पांढरी स्वच्छ काच, चौकोनी, तारेच्या खटक्याचं झाकण, वर लाल रबर. सुंदर दिसायच्या. त्या बिअरच्या बाटल्या कुणाकुणाच्या तोंडाला लागल्या असतील या विचारानं मला आधीच कसंतरी होत होतं. धुण्याचा सोडा आणि बारीक खडी घालून खळखळवून मी त्या तीनदा धुतल्या होत्या, तरीही.

आईंनी चौकोनी बाटली हातात घेतली. वर-खाली करून वजन बघितलं. कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"हलकी आहे गो. आणि चौकोनी. कोपऱ्यात बाटलीला जोर नसतो."

"नव्या आहेत आई. कुणाचं तोंड लागलेलं नाही. फादरांना, जेसिंताताईंना चांगल्या बाटल्यांतून देऊ या ना."

त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्या थांबल्या आणि बाटली आठांच्या शेजारी ठेवली.

"बरं. तुझं पोर, तुझ्या बाटल्या."

त्यांनी इतक्या चटकन ऐकावं याचं मला नवल वाटलं. तेवढंच वाटलं.

*

बाटल्या भरताना बोलायचं नाही, हा त्यांचा कायदा होता. उघड्या बाटलीवर बोललं की श्वास आत जातो, आणि श्वास गेला की जिंजरला आंबूस वास येतो. नवरा दारात उभा राहून हाका मारत असला तरी ओ द्यायची नाही. त्या बुधवारी सकाळी स्वयंपाकघरात फक्त नरसाळ्यातून उतरणाऱ्या जिंजरचा आवाज होता.

आई ओतत होत्या. मी बाटल्या पुढे सरकवत होते.

बाटलीत भरताना थोडी साखर लागते. त्या साखरेवरच आत फेस धरतो. माझ्या माहेरी उत्तनला आम्ही सरबतासाठी अशी आल्याची बिअर करायचो आणि माझी आई प्रत्येक बाटलीत चमचाभर साखर टाकायची. इथे कुणी साखर टाकताना दिसेना. विचारावं, तर बोलायचं नाही. मी साखरेचा डबा ओढला आणि प्रत्येक बाटलीत एकेक शीगभर चमचा घालू लागले.

चौथ्या-पाचव्या बाटलीला चमचा काचेवर वाजला तेव्हा आईंचा हात थांबला. त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. काळ्या चष्म्यात मला मीच दिसले, विस्कटलेल्या केसांची. वाटलं, दमल्या असतील. मग त्या पुन्हा ओतू लागल्या.

बारा बाटल्या झाल्या. तपकिरी बाटल्यांना पत्र्याची झाकणं ठोकली, चौकोनी बाटल्यांचे खटके लावले. मी रिबिनी बांधल्या. गुरुवारी संध्याकाळी माझा नवरा मेल्विन स्कूटरवरून अकरा बाटल्या वाटून आला. चौकोनी चारांपैकी एक फादरांच्या बंगल्यावर गेली, एक माझं बाळंतपण केलेल्या डॉली नर्सकडे आणि एक मोठ्या नणंदेकडे, जेसिंताताईंकडे. त्या नेथनची धर्ममाता होणार होत्या. चौथी आम्ही घरी ओट्याखाली ठेवली.

शुक्रवारी दुपारी मोरीत मागे सारलेलं एक छोटं पातेलं माझ्या हाताला लागलं. बुडाला सोनेरी काहीतरी घट्ट चिकटलं होतं. मी बोट लावून चाखलं.

साखरेचा पाक.

आई पाक करून बरणीतच घालत असणार, भरायच्या आधी. म्हणजे साखर दोनदा पडली होती. त्यांची आणि माझी.

मी ते पातेलं घासून, पुसून फळीवर पालथं घातलं.

का बोलले नाही, हे सांगायला हवं. त्या आठवड्यात मी एकदा गॅस चालू ठेवून झोपले होते. नेथनची चमचा-वाटी उकळायला ठेवून भांडं कोरडं जाळलं होतं. मेल्विन रागावत नव्हता, फक्त म्हणायचा, "लक्ष कुठे असतं तुझं?" आणि दुसरीकडे मी दिवसातून दहा वेळा काहीतरी होईल म्हणत होते. पंखा पडेल, मांजर झोळीत उडी मारेल, दूध श्वासात जाईल. माझ्या भीतींना घरात कुणी मोजेनासं झालं होतं. त्यांत आणखी ही एक. फार तर फेस जास्त येईल, मी स्वतःला म्हणाले. शनिवारी घरातल्या चौकोनी बाटलीकडे बघितलं तर झाकणाचं लाल रबर जरा फुगल्यासारखं वाटलं. मी नजर काढून घेतली. ती एकच गोष्ट मी त्या दिवसांत पुन्हा पुन्हा जाऊन बघितली नाही.

*

रविवारी सकाळी आठची मिस्सा होती. मेल्विनची पहिली पाळी होती, तो पाचलाच गेला होता. धुळीमुळे आईंना देवळात जायला डॉक्टरांनी मना केलं होतं. मी नेथनच्या अंघोळीचं पाणी टबात काढलं. टब स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवायचा, कारण तिथे वारा लागत नाही. नेथनला उघडं करून खांद्यावर घेतलं, आणि लक्षात आलं की टॉवेल बाहेर दोरीवरच राहिला.

मी पडवीत आले. टॉवेलाचा चिमटा काढला.

आवाज फटाक्यासारखा नव्हता. कुणी ओला नारळ फरशीवर आपटावा तसा होता, आणि त्यामागून बारीक बारीक पडण्याचा.

मी दारातून बघितलं. ओट्याखालचा कोपरा पिवळ्या फेसानं भरला होता. टबातलं पाणी हलत होतं. पाण्यात काचा होत्या, पांढऱ्या, स्वच्छ. तळाला तळहाताएवढा एक तुकडा उभा होता.

नेथन दचकून रडायला लागला. मी त्याला इतकं घट्ट धरलं की तो आणखी रडला.

"काय फुटलं?" आई भिंतीला हात लावत आतून आल्या. "पोर कुठाय? पोर कुठाय गो?"

"माझ्याजवळ आहे."

त्या टबापर्यंत गेल्या, वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"चौकोनी?"

"हो."

"आणखी तीन आहेत," त्या म्हणाल्या.

तोवर मी फोन शोधला. जेसिंताताईंचा फोन वाजून वाजून बंद झाला. फादरांच्या बंगल्यावरचा तसाच. मिस्सा चालू होती, सगळ्यांचे फोन गप्प. डॉली नर्सनं मात्र दुसऱ्या रिंगलाच उचलला.

"बाटली? अगं बाई, ती गुरुवारीच संपवली आम्ही! मेल्विन गेला आणि आमच्या ह्यांनी लगेच उघडली. रागावू नको हां विनया, पण कोन्सूला सांग, यंदा मचूळ झालीय. फेसच नाही!"

"मचूळ?" आई शेजारून म्हणाल्या. "माझी जिंजर मचूळ?"

"आई!"

"चल. आधी फादरांकडे. मिस्सा सुटली की तिथे ओटीवर शिकवणीची पोरं जमतात."

"आणि जेसिंताताईंकडे?"

"ती सगळी देवळात असतील. घराला कुलूप असेल. फुटली तर भिंतीलाच लागेल."

मी नेथनला दुपट्यात गुंडाळून खांद्यावर टाकलं. आईंनी हात पुढे केले. "दे माझ्याकडे, तू भरभर चाल." मी नको म्हणाले. दहा आठवड्यांत मी त्याला कुणाकडे आपणहून दिलंच नव्हतं. मेल्विननं घेतला तरी मी शेजारी उभी असायचे. आईंनी हात मागे घेतले, पदर डोक्यावर ओढला आणि माझं कोपर धरलं. त्यांना एका डोळ्यानं खाचखळगे कळत नव्हते, आणि ऊन चष्म्याच्या कडेनं आत घुसत होतं. तशाच त्या माझ्याबरोबर जवळजवळ पळत होत्या.

"तपकिरी बाटल्या?" मी धापा टाकत विचारलं.

"त्या धरतील. बिअरसाठीच केलेल्या असतात त्या, त्यांना दाब माहीत असतो. तरी सगळ्यांना फ्रिजमध्ये ठेवायला सांगू नंतर."

फादरांच्या बंगल्याच्या मागच्या दारात पास्कू मासे साफ करत बसला होता. तो तिथला आचारी.

"बाटली ना? आहे की," तो म्हणाला आणि उठून फ्रिज उघडून ती गळ्याला धरून हलवतच घेऊन आला. "फादर म्हणाले, बाप्तिस्मा झाल्यावर उघडू या."

"हलवू नको मेल्या!" आई ओरडल्या. "जागच्या जागी ठेव. आत ठेव!"

पास्कूनं बाटलीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. "का? काय घातलंय यात?"

"थंड आहे तोवर गप्प बसेल. ओल्या पोत्यात गुंडाळ, फ्रिजमध्ये अगदी मागे ठेव आणि फादरांनाही हात लावू देऊ नको. मेल्विन येऊन नेईल."

"मावशी, बाप्तिस्म्याच्या पत्रिकेला पहिल्यांदाच घाबरतोय मी." तो हसला, पोतं भिजवायला निघाला आणि जाता जाता म्हणाला, "आणि तुमच्या नातीचा पाय कसा आहे?"

"कुणाचा पाय?"

"जेसिंताच्या रिनीचा. मुरगळलाय ना? जेसिंता एकटीच आलीय गाणाऱ्यांत. पोर घरी आहे म्हणाली, बापाजवळ, लेस्टरजवळ."

आईंच्या बोटांनी माझं कोपर दाबलं. अजूनही आठवलं की तिथे दुखतं.

देवळातून गाणं ऐकू येत होतं. जेसिंताताईंचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. मी त्या दाराकडे वळले.

"तिला नको सांगू," आई म्हणाल्या. "ती किंचाळत धावेल, आणि पोर दचकेल. हातात बाटली असली तर?"

"हातात कशाला असेल?"

"चल तू."

*

लेस्टरचा फोनही कुणी उचलला नाही. वाडीतून गेलं तर पाच मिनिटं. केळीच्या पानांनी तोंडावर फटके मारले. नेथन आता रडत नव्हता, आणि तो रडत नाही याचीच मला भीती वाटत होती.

घरामागे पंप चालू होता. लेस्टर पानवेलीला पाणी सोडत असणार. पुढचं दार उघडं होतं. आतून कुणीतरी हळू आवाजात अंगाई म्हणत होतं, शब्द अर्धे विसरलेली.

मी उंबऱ्यातून डोकावले.

रिनी पलंगावर बसली होती. पाच वर्षांची. एक पाय उशीवर, त्याला पट्टी. खिडकीतून सगळं ऊन तिच्या अंगावर येत होतं, आणि मांडीत जेसिंताताईंच्या दुपट्ट्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ती मागेपुढे डुलत होती. दुपट्ट्याच्या वरच्या टोकातून लाल रबर दिसत होतं, निळी रिबीन, आणि माझ्याच अक्षरातली चिठ्ठी. नेथन.

"मामी!" ती कुजबुजली. "हळू. आत्ताच झोपलाय."

आई माझ्या मागून पुढे सरकल्या. "मी जाते."

"तुमचा डोळा, आई."

"म्हातारा आहे माझा डोळा. तुझ्या अंगावर पोर पितं."

मी नेथनला खांद्यावरून काढला आणि त्यांच्या छातीशी लावला. "धरा. आणि लांब जा, त्या चिकूखाली."

त्यांनी त्याची मान हाताखाली नीट घेतली आणि मागे सरकत गेल्या. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर आत गेले नसते.

खोली सहा पावलांची असेल. मी पलंगापाशी गुडघ्यांवर बसले. काच दुपट्ट्यातून थोडी दिसत होती. आत बारीक बुडबुड्यांच्या दोऱ्या वर चढत होत्या, न थांबता. खटक्याची तार एका बाजूनं वाकली होती.

"कधीपासून झोपवतेस?"

"सकाळपासून. रात्री पण माझ्याजवळच होता. मम्मी म्हणाली, नेथनची बाटली आहे, फोडू नको. मग मी सांभाळते."

आणि ती वाकली. गाल बाटलीला टेकेल इतकी वाकली आणि लाल रबराखाली आपलं बोट धरलं.

"रिनी, काय करतेस?"

"श्वास बघते." तिनं माझ्याकडे बघितलं, हे काय विचारणं झालं असं. "तू नाही बघत? तू सारखी सारखी बघतेस. सारखं सारखं बघायला लागतं."

तिचे डोळे काचेपासून चार बोटांवर होते.

ओढून घ्यावी तर हिसका बसेल. ओरडावं तर ती बाटली छातीशी आवळेल, मी मघाशी नेथनला आवळलं तशी.

"घेतोय का श्वास?" मी विचारलं.

"घेतोय. जरा फुस् फुस् करतो."

"मग आता त्याला गादीवर ठेवू या. मांडीत सारखं घेतलं की बाळांना गरम होतं."

"तू तर ठेवत नाहीस."

"आजपासून ठेवणार आहे. आधी तू दाखव. हळू. अगदी हळू. मान धरून."

तिनं जीभ दातांत धरून ती बाटली उचलली आणि उशीशेजारी ठेवली. दुपट्टा सारखा केला. मग पुन्हा वाकायला लागली.

मी तिच्या काखेत हात घातले आणि तिला उचलून मागे वळले. पाठ पलंगाकडे होती. सहा पावलं. दारापाशी तिला खाली ठेवलं, परत फिरून पलंगाच्या पायथ्याची कापसाची रजई ओढली, हात लांब करून ती बाटलीवर टाकली, वर दुसरी टाकली. दार लावून घेतलं, कडी घातली आणि रिनीला कडेवर घेऊन चिकूच्या झाडाकडे पळत सुटले.

"मामी, तो एकटा आहे आत!"

"झोपलाय. झोपू दे."

आई नेथनला घेऊन दगडावर बसल्या होत्या. मी रिनीला गोठ्यातल्या वासराकडे बघ म्हणून थोडं पलीकडे बसवलं आणि त्यांच्या शेजारी येऊन बसले.

"आता?" मी विचारलं.

"आता काही नाही. उघडायला जायचं नाही. फुटायचं असेल तर फुटेल, नाही तर संध्याकाळी थंड झाल्यावर बघू."

पंपाचा आवाज चालू होता. मी पदराशी चाळा करत होते.

"आई, साखर मी घातली. प्रत्येक बाटलीत. तुम्ही पाक घातलाय ते मला माहीत नव्हतं." मला थांबता येईना. "शुक्रवारी कळलं. पातेलं सापडलं. मी घासून ठेवलं. मला शुक्रवारपासून माहीत होतं आई."

त्या नेथनच्या टाळूवर हात ठेवून बसल्या होत्या. उन्हातून पळाल्यामुळे काळ्या चष्म्याखालून डोळ्याचं पाणी गळत होतं.

"मला बुधवारपासून," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"चमचा वाजत होता गो. डोळा गेलाय माझा, कान नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"भरताना कशी बोलू?"

"नंतर?"

नेथननं त्यांचं बोट मुठीत धरलं होतं, ते त्यांनी सोडवलं नाही.

"मेल्विन म्हणाला होता, तिला काही बोलू नको आई, ती न्हाणीघरात नळ सोडून रडते. म्हटलं, चमचाभर साखर. तेवढ्यावरून हिला परत कशाला रडवू. त्या चौकोनी बाटल्या हातात घेतल्या तेव्हाच मला कळलं होतं. तरी म्हटलं, धरतील." त्यांनी नाक ओढलं. "चाळीस वर्षांत मी कधी म्हटलं नव्हतं, धरतील. टिचकी मारून बघितल्याशिवाय."

मला वाटायचं त्या बोलत नाहीत कारण मी त्यांना पसंत नाही. किती आठवडे तसंच वाटत होतं.

मी काहीतरी बोलणार होते. आतून धप् असा आवाज आला, रजईत दबलेला, आणि खिडकीची एक काच खळकन अंगणात पडली.

रिनीनं दचकून घराकडे बघितलं. मग तिच्या लक्षात आलं.

"माझं बाळ!"

लेस्टर ओल्या पायांनी मागून धावत आला. "काय झालं? आई, तुम्ही? काय फुटलं?"

"जिंजर," आई म्हणाल्या. "माझी—"

"साखर मी जास्त घातली," मी म्हणाले. "सगळ्यांना सांगेन मी."

लेस्टरनं कडी काढून आत डोकावलं. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. रजईतून आरपार आलेली काच त्यानं कपाटाच्या दारात रुतलेली बघितली होती. त्यानं रिनीला उचललं आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून फिरवून फिरवून बघितला.

"ही रात्री ती बाटली घेऊन झोपली होती," तो म्हणाला. मला नाही, कुणालाच नाही.

रिनी त्याच्या हातांतून निसटायला बघत होती. तिला यातलं काही नको होतं. "माझं बाळ फुटलं! मी नीट सांभाळलं होतं! मामीनं एकटं ठेवलं!" ती हुंदके देत होती, श्वास लागेपर्यंत. लेस्टर म्हणाला दुसरी बाटली आणू, तशी ती आणखी मोठ्यानं रडली. आई म्हणाल्या वासरू बघ. तिनं बघितलं नाही.

आज सात वर्षं झाली. नेथन दुसरीत जातो. त्यानंतरची साधीशी गोष्ट मी तेव्हा कशी केली हे मला अजून नीट सांगता येत नाही.

"रिनी, इथे बस," मी म्हणाले. "दगडाला टेकून. दुखरा पाय लांब कर."

ती हुंदके देत बसली. मी आईंकडे हात केले. त्यांनी नेथनला माझ्याकडे दिला आणि मी तो तिच्या मांडीत ठेवला. माझा एक हात त्याच्या पाठीखाली, एक डोक्याखाली. तिचं रडं मध्येच अडकलं. गालावरचं पाणी पुसायचंही तिला सुचेना. नेथननं तोंड वेडंवाकडं केलं, पाय झाडला आणि तिच्याकडे बघू लागला.

"जड आहे," ती म्हणाली.

"हो."

"हा पण फुटेल?"

लेस्टरला हसू फुटलं. आई हसल्या नाहीत. त्या माझ्या हातांकडे बघत होत्या.

"नाही फुटत," मी म्हणाले. "फक्त मान धर."

तिनं हातांची ओंजळ करून ती माझ्या हाताशेजारी सरकवली. लहानशी, चिकूच्या डिंकानं चिकट झालेली. मी थोडा वेळ थांबले. मग आधी पाठीखालचा हात काढला, आणि मग दुसराही.